मालकांचं डावं

१

राणी पडली ती जागा पाहायला फौजदारबाई तळघरात उतरल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सिनेमात लोक खदाखदा हसत होते. खाली दगडी फरशीवर एक बाई मरून पडली होती, तिच्या अंगावर चादर होती, आणि हसण्याचे लोंढे जिन्यावरून खाली येत होते. खेळ थांबवावा असं कुणाला वाटलं नव्हतं. तिकीट काढून आलेल्यांचा विरस कशाला करायचा, असं मालक म्हणाले होते म्हणे. फौजदारबाईंना शिसारी आली.

इमारत म्हणजे शहरातलं करमणुकीचं सगळ्यात मोठं दुकान होतं. वर सिनेमा, मधल्या मजल्यावर नाटक आणि तळघरात कॅबरे. ज्याला जे पाहिजे ते घ्या आणि बाहेर पडताना तोंड पुसा. वरून शिळ्या पॉपकॉर्नचा वास यायचा, खालून सांडलेल्या दारूचा, आणि मधल्या मजल्यावर पावडर आणि घाम यांचं जे काही मिश्रण व्हायचं त्याला रसिक लोक कलेचा सुगंध म्हणायचे. फौजदारबाईंनी पोलिसांत असताना बरंच काही हुंगलं होतं. पण नाक दाबून धरावंसं वाटायचं ते इथेच.

आणि इथेच त्यांचा धाकटा भाऊ सुतार होता. आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, सरकारी कारखान्यात चांगल्या नोकरीला लावून दिलं, आणि हा पठ्ठ्या ती सोडून नाटकाचे खोटे दरवाजे आणि खोट्या भिंती करायला आला. त्यावरून दोघांत भांडणं झाली होती. नंतर भांडणंही थांबली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

चादरीपाशी उभा असलेला इन्स्पेक्टर एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला होता. त्यांना पाहून तो अवघडला.

"मॅडम, तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं."

"माझा भाऊ आहे तो. मी नाही येणार तर कोण येणार?"

"म्हणूनच म्हणतो. सगळ्यांचे जबाब जुळतायत. रंगमंचावरची झडप चुकून उघडली, बाई खाली पडली. झडपेचा दांडा तुमच्या भावाच्या हातात होता. संध्याकाळच्या खेळापर्यंत मी इथेच आहे. मग मात्र त्याला न्यावं लागेल."

"तोवर मी चार शब्द बोलले तर चालेल ना?"

"तुम्हाला नाही कसं म्हणू?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता आणि कीवही होती. कीव फौजदारबाईंना अजिबात खपत नसे.

भाऊ विंगेत एका उलट्या खोक्यावर बसला होता. हातातली टोपी त्याने पिळून पिळून पार चिंधी केली होती. बहिणीला पाहून तो उठला नाही.

"ताई," तो म्हणाला, "मला वाटतं मीच मारलं तिला."

२

"वाटतं म्हणजे काय? मारलं की नाही मारलं?"

"तेच कळेनासं झालंय."

"नीट सांग. मला तुमच्या नाटकातलं ओ की ठो कळत नाही, लहान मुलाला सांगतात तसं सांग."

त्याने सांगितलं. रंगमंचाच्या फळ्यांत दोन चौकोनी झडपा होत्या. नटाने प्रेक्षकांकडे तोंड केलं की त्याच्या डाव्या हाताला येते ती डावी झडप, उजव्या हाताला येते ती उजवी. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला ते बरोबर उलट दिसतं, पण नाटकवाल्यांत नटाचंच डावं-उजवं खरं. दोन्ही झडपांचे दांडे विंगेत, एकमेकांना लागून.

"आज दुपारी तालीम होती. राणी नाचत होती, डाव्या झडपेवर. त्या झडपेला खालून कडी असते, हत्ती नाचला तरी हलायची नाही. मास्तर पहिल्या रांगेतून ओरडले, 'उजवी!' उजव्या झडपेतून धूर यायचा होता. मी उजवा दांडा ओढला आणि धूर आला. पण तोवर राणी खाली गेली होती."

"आणि पोलीस म्हणतात, तू आधी डावा दांडा ओढलास. चूक कळली तसा सोडलास आणि मग उजवा ओढलास."

"दांडा सोडला की आपोआप जागेवर जातो, म्हणून कुणाला काही सांगता येत नाही."

"पण तुला तर सांगता येईल! तू ओढलास का डावा?"

"दुपारी विचारलं असतंस तर छातीठोक नाही म्हणालो असतो. आता इतक्या जणांनी विचारलं, ताई, की माझा हातच मला परका वाटायला लागलाय."

फौजदारबाईंना त्याची एक मुस्कटात द्यावी असं वाटलं आणि त्याच वेळी त्याचं डोकं मांडीवर घ्यावं असंही वाटलं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"दांडा न ओढता ती झडप उघडते का?"

"मागच्या पडद्याआड एक खिट्टी आहे. दुरुस्तीच्या वेळी लागते. ती हाताने सरकवली की कडी निघते. सगळ्यांना माहीत आहे ते. पण तिथे होतं कोण? मास्तर समोर बसलेले मला दिसत होते. मालक शेवटच्या रांगेत होते म्हणे. पावडरबाई आणि छोटी मेकअपच्या खोलीपाशी, दोघी एकत्र. उरलो मी."

मास्तर म्हणजे दिग्दर्शक. पावडरबाई म्हणजे नटनट्यांना रंग फासणारी बाई. आणि छोटी म्हणजे राणीच्या मागच्या ओळीत नाचणारी मुलगी. इथे कुणाला नाव नव्हतंच, गुरांच्या बाजारात असतात तशी नुसती टोपणनावं होती.

"मालकांचं ऑफिस कुठाय?" फौजदारबाईंनी विचारलं.

"त्यांच्याशी नीट बोल हां, ताई. ते मला वकील देणार आहेत."

हे ऐकून त्यांच्या कपाळावर आठी पडली. असला उदार मालक कधी कुणी पाहिलाय?

३

मालकांचं ऑफिस रंगमंचाच्या मागच्या अंगाला होतं. आत गेल्यावर पाय गालिच्यात रुतले, आणि अत्तराचा असा भपका आला की फौजदारबाईंनी पदर नाकाला लावला. भिंतीवर मालकांचे फोटो होते. प्रत्येकात त्यांचा हात कुठल्या ना कुठल्या बाईच्या खांद्यावर होता.

मालकांचे डोळे लाल होते. समोर एक कागद होता आणि ते फोनवर सांगत होते, "नाही, 'श्रद्धांजली' मोठ्या अक्षरात. खाली 'जिथे राणीने अखेरचा श्वास घेतला तोच रंगमंच'. हो, आत्ताच लावा पाटी. बाहेर रांग लागलीय." फोन ठेवून त्यांनी लगेच रुमाल डोळ्यांना लावला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं फौजदारबाईंनी पाहिली होती, पण प्रेत हलवायच्या आधीच ताट मांडून बसलेला हा पहिलाच.

"माझी मुलीसारखी राणी गेली हो बाई," मालक म्हणाले आणि त्यांनी फौजदारबाईंच्या हातावर हात ठेवला. तो मऊ आणि ओलसर होता.

फौजदारबाईंनी हात काढून घेतला आणि पदराला पुसला, मालकांना दिसेल असा.

"तुम्ही पाहिलंत तिला पडताना?"

"या डोळ्यांनी! मी सिनेमावाला माणूस, नाटक मला शेवटच्या रांगेतूनच बघायला आवडतं. पूर्ण चौकट दिसते. काय नाचत होती म्हणून सांगू! नाचत नाचत डावीकडे गेली, क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहून हसली, आणि गेली. ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"फार छान सांगता."

"पोलिसांनाही हेच सांगितलं. यावर सिनेमा काढायचा विचार आहे. तुमच्या भावाचंही काम असेल त्यात. सहानुभूतीने दाखवू आपण त्याला. गरीब, साधा, हात चुकलेला माणूस." मालक पुढे झुकले. "त्याला समजवा बाई. चूक झाली म्हणून कबूल करून टाकलं तर थोडक्यात भागेल. वकील मी देतो, त्याच्या घरचं मी बघतो. उगाच ताणून धरलं तर जन्मठेपेवर जायचं."

सगळं कसं मनापासून चाललं होतं. फौजदारबाईंना इतकी किळस आली की तिथे बसवेना. त्या उठल्या. टेबलामागे एक अरुंद जिना होता, त्याला लोखंडी दार होतं आणि दारावर पितळी पाटी होती: 'खास खेळ. फक्त निमंत्रितांसाठी.'

"हा कुठे जातो?"

"वर एक छोटं थिएटर आहे. थोडक्या रसिकांसाठी जुने सिनेमे दाखवतो. हौस हो, दुसरं काय."

'रसिक' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की फौजदारबाईंना तो पुन्हा कधी ऐकूच नये असं वाटलं. जिना वर जात होता हे खरं. पण दाराच्या जाळीतून त्यांना दिसलं की तो खालीही जात होता.

४

मेकअपच्या खोलीच्या बाहेर, बोळात, छोटी राणीचा झगा अंगावर चढवून उभी होती. पावडरबाई तोंडात टाचण्या धरून तो कमरेत आवळत होती. बाई मरून दिवस मावळला नव्हता आणि तिचे कपडे दुसरीच्या अंगावर चढले होते. फौजदारबाईंचा पारा चढला.

"लाज नाही वाटत?"

छोटी भोकाड पसरून रडायला लागली. रडता रडता तिने झग्यावर डाग पडू नये म्हणून मान पुढे काढली, हे फौजदारबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"तिच्यावर कशाला ओरडता?" पावडरबाईने टाचण्या हातावर थुंकल्या. "मालकांचा हुकूम आहे. संध्याकाळी तू नाच, नाहीतर उद्यापासून येऊ नको. तुम्ही पोसणार आहात का तिला?"

फौजदारबाई जरा मऊ झाल्या. "राणी पडली तेव्हा तुम्ही दोघी कुठे होतात?"

"इथेच, बोळात. मी हिची वेणी घालत होते."

"बोळात का? खोली आहे की."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"राणीताईने सांगितलं होतं," छोटी नाक पुसत म्हणाली. "खोलीत कुणी कपडे बदलायचे नाहीत. बाहेर चादर धरायची आणि तिच्याआड बदलायचे. आम्हाला वाटलं हिचं डोकं फिरलं. मोठ्या आरशावर तिने जाड घोंगडं टाकलं होतं. म्हणाली, आरसा वाईट आहे."

"वाईट म्हणजे? फुटका?"

"ते नाही सांगितलं. आज खेळ संपला की रंगमंचावरूनच सगळ्यांना सांगते म्हणाली. प्रेक्षकांसकट सगळ्यांना."

फौजदारबाई खोलीत गेल्या. आरसा चांगला भिंतभर होता, कडेने दिवे. त्यावर घोंगडं नव्हतं.

"कुणी काढलं ते?"

"मालकांनी," पावडरबाई म्हणाली. "ती पडल्यावर सगळे तळघराकडे धावले. मालक आधी इथे आले. म्हणाले, मेलेल्या बाईचं असलं काही ठेवू नये, अपशकुन होतो."

आरशात फौजदारबाईंना स्वतःचा दमलेला चेहरा दिसला. त्यांनी आपसूक पदर सारखा केला, आणि मग आपण तो कुणासाठी सारखा केला हे न कळून त्यांच्या अंगावर काटा आला.

५

मास्तर पहिल्या रांगेत बसून समोशासारखं काहीतरी तेलकट खात होते आणि बोटं खुर्चीच्या मखमलीला पुसत होते. राणी गेल्याचं दुःख त्यांनाही होतं. पण ते राणीपेक्षा नाचाचं होतं.

"माझा पाठमोरा नाच बुडाला हो," ते म्हणाले. "या शहरात असा नाच कुणी बसवला नव्हता. सुरुवातीपासून बाई प्रेक्षकांकडे पाठ करून नाचते. नुसती पाठ! लोक वेडे झाले त्या पाठीसाठी. तोंड बघायला मिळेल म्हणून पुन्हा पुन्हा येतात मेले."

"एकदाही वळत नाही ती?"

"वळली तर मग मजा काय राहिली? अगदी शेवटी वळते, उजवीकडून धूर सुटला की. आज तिथवर पोचलीच नाही बिचारी. मी 'उजवी' म्हणून ओरडलो आणि तेवढ्यात ही गेली. छोटीला जमणार नाही ते. तिची पाठ काही बोलत नाही."

एका बाईची पाठ, दुसरीची पाठ. कसाई तरी विकताना इतकं बोलत नाही, असं फौजदारबाईंना वाटलं. पण त्या बसून राहिल्या.

"मालक तुमच्या मागे बसले होते म्हणे?"

"असतील. मी मागे वळून बघत नाही. बघितलं की ते सूचना देतात." मास्तरांनी तोंड वाकडं केलं. "इतकी वर्षं नाटकाचे मालक आहेत, पण अजून डावं-उजवं कळत नाही. सिनेमावाला माणूस! पडद्यावर दिसतं तेच त्यांचं डावं. डावीकडचा दिवा लावा म्हणाले की आम्ही मुकाट्याने उजवीकडचा लावतो. आमच्यात म्हणच पडलीय, 'मालकांचं डावं'. कुणी उलटं काम केलं की आम्ही म्हणतो, हे तर मालकांचं डावं झालं."

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. फौजदारबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा रिकाम्या रंगमंचाकडे पाहिलं, मग मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मग पुन्हा रंगमंचाकडे पाहिलं, आणि त्या ताडकन उठल्या.

"इन्स्पेक्टर!" त्यांनी हाक मारली. "सगळ्यांना इथे बोलवा. मालकांना आधी."

६

मालक आले ते कपाळाला बाम लावून. बाहेर रांग वाढत होती, आणि बंद दारांतून तिचा गलका ऐकू येत होता.

"पटकन आटपा बाई. लोक खोळंबलेत."

"अगदी पटकन. तुम्ही दुपारी बसला होतात त्याच खुर्चीवर बसा."

मालक शेवटच्या रांगेत बसले. फौजदारबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. इन्स्पेक्टर, मास्तर आणि पावडरबाई बाजूला होते. छोटी रंगमंचाच्या मधोमध उभी होती आणि भाऊ विंगेत होता. एक हवालदार त्याच्याजवळून हलत नव्हता.

"मालक, आता तोंडाने काही बोलायचं नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "फक्त बोट दाखवा. राणी नाचत नाचत कुणीकडे गेली आणि कुठे पडली?"

"त्यात काय दाखवायचं? सगळ्यांना माहीत आहे."

"मला नाही माहीत. मी अडाणी आहे नाटकात."

मालकांनी सुस्कारा टाकला, हात उचलला आणि आपल्या डाव्या हाताकडे बोट केलं.

"छोटे, बोट दिसतंय ना? चाल तिकडे. नीट जाऊन झडपेवर उभी राहा."

छोटी चालत गेली आणि झडपेवर उभी राहिली. मग विंगेतून भावाचा आवाज आला.

"ताई, ही उजवी झडप आहे. राणी डावीवरून पडली."

मालकांनी बोट खाली घेतलं. मग हसण्याचा प्रयत्न केला. "झाला गोंधळ. तुमचं ते नाटकातलं डावं-उजवं! मी जबाबात डावीच सांगितलीय, विचारा इन्स्पेक्टरना."

"तेच तर! तुम्ही डावी सांगितलीत, आणि ते बरोबर निघालं." फौजदारबाई इन्स्पेक्टरकडे वळल्या. "म्हणून तुम्ही फसलात. डावी म्हणाले, डावीच झडप होती, जबाब जुळला. पण हा माणूस जन्मात कधी नटाचं डावं म्हणाला नाही. याला डोळ्यांना दिसतं तेच कळतं. या खुर्चीवरून ती उजवीकडे जाताना दिसली असती, आणि यांनी सांगितलं असतं, उजवीकडे गेली. तुम्ही मान डोलावून लिहिलं असतं की मालकांचं नेहमीसारखं उलटं झालं. आज पहिल्यांदाच मालकांचं डावं बरोबर आलं. का आलं?"

इन्स्पेक्टर मालकांच्या जरा जवळ सरकला.

"मागच्या पडद्याआडून प्रेक्षकांकडे बघत उभं राहा," फौजदारबाई म्हणाल्या. "तिथून ती डावीकडेच जाते."

"काहीतरीच!" मालक उठले. "मी इतरांकडून ऐकलं असेन. डावी डावी म्हणत होते सगळे."

"ऐकलं असेल तर मग पाहिलं नाही. पाहिलं नाही तर इथे नव्हतात. पण तुम्ही पाहिलंत, मालक. ती माझ्याकडे पाहून हसली म्हणालात. मास्तर, ती हॉलकडे बघून हसू शकत होती?"

मास्तरांच्या हातातला तेलकट कागद खाली पडला. "पाठमोरा नाच," ते पुटपुटले. "पाठ होती हॉलकडे."

"तिचं तोंड पडद्याकडे होतं. पडद्याच्या फटीपलीकडे जो उभा होता त्यालाच ते दिसलं. त्याने 'उजवी' ही हाक ऐकली आणि खिट्टी सरकवली. हसली बिसली काही नसेल ती. ते तुम्ही तुमच्या सिनेमासाठी रचलंत. आणि तुमच्या ऑफिसातल्या लोखंडी दारामागचा जिना खालीही उतरतो, तो मी पाहिलाय."

मालकांचा चेहरा बामासारखा पांढरा पडला. इन्स्पेक्टरने हात पुढे केला. "त्या लोखंडी दाराची किल्ली द्या."

"ती खाजगी जागा आहे."

"असू दे. आणि त्या खिट्टीला कुणी हात लावायचा नाही, ठसे घ्यायचेत," इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाला. त्याचा आवाज आता फौजदारबाईंनी शिकवला होता तसा होता.

७

जिना वर छोट्या थिएटरात जात होता. तिथे गुबगुबीत खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीशेजारी पेला ठेवायची जागा होती. खाली तो एका अंधाऱ्या फटीत उतरत होता. ती फट मागच्या पडद्यापाशी निघायची, आणि वाटेत मेकअपच्या खोलीच्या भिंतीला चिकटून जायची. तिथे एक स्टूल होतं. स्टुलासमोर लाकडी भिंतीला भोक होतं, भोकात कॅमेरा होता, आणि भोकापलीकडे मोठा आरसा होता. या बाजूने तो आरसा नव्हताच. स्वच्छ काच होती. खोलीतली रिकामी खुर्ची, पावडरचे डबे, खुंटीवर टांगलेले पोरींचे कपडे, सगळं लख्ख दिसत होतं.

खास खेळ काय असायचा ते सगळ्यांना एकदमच कळलं. इन्स्पेक्टर तोंड फिरवून उभा राहिला. फौजदारबाईंनी भिंतीला हात टेकला.

राणीने आज सकाळी मालकांना तोंडावर सांगितलं होतं, संध्याकाळी सगळ्यांसमोर तुमचं बिंग फोडते. हे मालकांनी स्वतःच ओकलं. वर पुन्हा म्हणाले, अहो, चांगली चांगली माणसं येतात हो बघायला. जसं काही त्याने ते धुऊन निघणार होतं. त्यांना पुढच्या दाराने नेलं. रांगेतल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली, फोटो काढले, आणि मग आजचा खेळ होणार की नाही यावरून तिकिटाच्या खिडकीवर हुज्जत घालायला सुरुवात केली.

भाऊ सुटला. हवालदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली. तो बहिणीला शोधत त्या अंधाऱ्या फटीपाशी आला आणि दारातच थांबला. आत आला नाही.

"ताई, चल ना. घरी जाऊ."

फौजदारबाई भोकापाशी उभ्या होत्या. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. भोक अगदी गोल होतं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, कुठे एक कुसळ लागत नव्हतं. बिजागऱ्यांपासून देव्हाऱ्यापर्यंत घरात जे काही त्याने केलं होतं ते असंच होतं.

"हे कुणी पाडलं रे?"

तो दाराची चौकट नखाने खरवडत राहिला.

"या इमारतीत सुतार किती आहेत?"

"मला म्हणाले, स्पीकरची वायर न्यायचीय."

"वायरीसाठी कुणी कडा घासतं?"

"ते नंतर. मोठं कर म्हणाले, तेव्हा मी विचारलं, कशाला. ते हसले." तो खाली बघत होता. "मग मी पुन्हा विचारलं नाही."

"कळलं होतं तुला."

"कळलं होतं."

सगळा दिवस त्यांनी या वास मारणाऱ्या जागेचा, अत्तरवाल्या मालकाचा, तेलकट मास्तरांचा तिटकारा करत काढला होता. त्यात आपल्या माणसाला कुठेच धरलं नव्हतं.

"राणीला माहीत होतं, तू केलंस ते?"

"काल आली होती माझ्याकडे. म्हणाली, दादा, तू एकटाच सुतार आहेस इथे, खरं सांग, हे कुणाच्या सांगण्यावरून केलंस? आपण दोघं मिळून पोलिसांत जाऊ." त्याचा आवाज फुटला. "मी म्हणालो, मला काही माहीत नाही. मालकांनाच विचार."

आणि ती विचारायला गेली. एकटी.

तो रडायला लागला. लहानपणी काही फोडून आला की असाच रडायचा, हात लोंबते सोडून, आणि त्या पटकन त्याला जवळ घ्यायच्या. आताही त्यांचे हात अर्धवट उचलले गेले. मग त्यांनी ते खाली घेतले.

"पोरी बाहेर बोळात आहेत," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना जाऊन सांग. तुझ्या तोंडाने सांग. मग इन्स्पेक्टरला सांग."

"तू येशील बरोबर?"

"नाही."

त्याने चिंधी झालेल्या टोपीने डोळे पुसले. मग गेला. फौजदारबाई तिथेच राहिल्या. काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीकडे बघवेना म्हणून त्यांनी डोळे मिटले, पण कान मिटता येत नव्हते. बोळातून त्याची पावलं ऐकू आली, मग ती थांबली, आणि मग छोटीचा आवाज आला. आनंदाने धावत आल्यासारखा.

"दादा! सुटलात ना तुम्ही? देवच पावला बाई!"